बाबांच्या फाइलची एकच प्रत

ज्या कॉम्प्युटरवर बाबांनी ती गोष्ट सांगितली आणि मी ती टाइप केली, तो कॉम्प्युटर दसऱ्याच्या सकाळी आमच्या ऑफिसातून गेला. त्यांची फाइल त्यातच होती. तिची मी काढलेली एकुलती एक प्रत आदल्या दिवशी खराब झाली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. झालं ते एवढंच. पण एवढंच म्हणून भागत नाही, कारण ती फाइल माझी नव्हती. ती आईसाठी होती.

ऐंशीचं दशक तेव्हा उताराला लागलं होतं. मी नागपुरात धंतोलीत एका इंजिनियर साहेबांकडे टायपिस्ट होतो. आजूबाजूला सगळे दवाखाने. खालच्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर, समोर डोळ्यांचे. प्लास्टरचा पाय सांभाळत कोणी चुकून आमच्या जिन्यानं वर आला की त्याला परत खाली उतरवायचं काम माझ्याकडे होतं. साहेब इमारतींच्या कॉलम-बीमची गणितं करायचे. त्या गणितांसाठी त्यांनी कॉम्प्युटर घेतला, तर त्याला थंड हवेची वेगळी खोली मिळाली आणि आम्ही बाकीचे मे महिन्यात पंख्याखाली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. मी तर घरातल्या देवापुढेही इतका नीट वागत नव्हतो.

मी टायपिस्ट चांगला होतो, हे सांगायला मला लाज नाही. चांगल्या टायपिस्टची एक रीत असते, तो ऐकत नाही. समोरचा बोलतो ते कानातून थेट बोटांत उतरतं, मध्ये डोक्याची ढवळाढवळ नसते. साहेबांनी दोन पानी पत्र सांगून संपवलं आणि विचारलं, “बरं झालंय ना?” तर मला कागद उचलून पाहावा लागायचा. या गुणावर मी खूश होतो. क्लासमध्ये मास्तरांनी त्यासाठीच माझी पाठ थोपटली होती.

बाबा सावनेरजवळच्या कोळसा खाणीत दिव्यांच्या खोलीत कारकून होते. खाली उतरणाऱ्या माणसानं पितळी बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा, वर आल्यावर दिवा द्यायचा आणि बिल्ला घ्यायचा. पाळी सुटल्यावर एखादा बिल्ला खिळ्यावर उरला तर माणूस अजून खाली आहे. हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. त्यांच्या रजिस्टरात खाडाखोड चालायची नाही. चुकलं तर आडवी रेघ आणि शेजारी सही, म्हणजे चूक जन्मभर दिसत राहणार. रिटायर झाल्यावर ते आणि आई नागपूरला माझ्या दोन खोल्यांत राहायला आले. तोवर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता, पेन धरवत नव्हतं.

एका रविवारी मी त्यांना ऑफिसात मशीन दाखवायला नेलं. साहेबांची ना नव्हती, रविवारी ते फिरकायचेही नाहीत. मी पडद्यावर बाबांचं नाव टाइप केलं, इंग्रजी अक्षरांत, कारण त्या मशीनला मराठी येत नव्हतं. मुद्दाम एक अक्षर चुकवलं आणि पुसून दाखवलं.

“ते कुठं गेलं गा?” त्यांनी विचारलं.

“गेलं.”

“डाग नाही राहिला?”

“नाही राहत.”

ते पडद्याच्या जवळ वाकून पाहत बसले. मग म्हणाले, “मले काही सांगायचं आहे. घेतोस का?”

अशी आमची रविवारची रीत पडली. सकाळी स्कूटरवर त्यांना घेऊन जायचो. ते खुर्चीत ताठ बसून, पडद्याकडे न पाहता, समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत बोलायचे. पहिले काही रविवार खाणीतलेच होते. दिव्यांची खोली, पाण्यानं भरलेली गॅलरी, एका मुकादमाचं खेचर. मी ते प्रिंटरवर छापून घरी न्यायचो आणि आईला वाचून दाखवायचो. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती, पण ऐकून ती चुका काढायची. खेचर काळं नव्हतं, तांबडं होतं. मुकादमाला तीन पोरी होत्या, दोन नव्हे. बाबा ऐकून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी मला दुरुस्ती करायला लावायचे. मजेत चाललं होतं.

मग एका रविवारी ते म्हणाले, “आज निराळं आहे. ह्याचा कागद घरी नाही न्यायचा.”

माझ्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. मी तिला पाहिलं नाही, ती गेल्यावर दोन वर्षांनी मी जन्मलो. घरात तिचा विषय कधीमधी निघायचा आणि तो नेहमी एकाच वाक्यावर थांबायचा, गाडी मिळाली नाही. ती चार वर्षांची होती, तापानं फणफणली होती, खाणीच्या डॉक्टरनं नागपूरला न्या म्हणून सांगितलं. बाबा भरदुपारी गाडी पाहायला गेले आणि हात हलवत परत आले. मग पाचच्या एसटीनं निघाले आणि पोर वाटेतच गेली. आई हे रडत सांगायची नाही. ती वाक्य सांगून उठून जायची.

बाबांनी मला सांगितलं ते असं. गाडी होती. खाणीच्या एका ठेकेदाराचा ट्रक त्याच्या फाटकासमोर उभा होता, ड्रायव्हर त्याच ट्रकखाली सावलीला झोपला होता. तो ठेकेदार एके काळी बाबांचा जिवाचा दोस्त. आदल्या उन्हाळ्यात त्याच्या घरच्या लग्नात बाबा पंगतीत बसले असताना त्यांना उठवलं होतं, कोणी मोठे पाहुणे आले म्हणून. पान वाढलेलं होतं. त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली, ह्याच्या दारात पाय ठेवणार नाही. त्या दुपारी ते फाटकासमोरच्या कडुलिंबाखाली उभे राहिले. ट्रककडे पाहत. किती वेळ ते त्यांनाही सांगता आलं नाही. मग वळले, घरी आले आणि आईला म्हणाले, गाडी नाही.

हे सांगायला त्यांना तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी ते पंगतीपर्यंतच पोचले. तिसऱ्या रविवारी शेवटचं वाक्य सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, “घेतलं?” मी म्हटलं, घेतलं. तेव्हा ते म्हणाले, “मी गेल्यावर तुह्या आईले हे वाचून दाखवजो. जसंच्या तसं. आपल्या मनचं घुसवू नको.”

“आत्ताच का नाही सांगत?”

“तोंडावर नाही सांगू शकत.”

मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे लिहून ठेवतो. तीस वर्षं त्या बाईनं गाडी नव्हती असं मानून घेतलं आणि ह्यांना खरं सांगायला एक मशीन लागलं, तेही स्वतः मेल्यावर. पण मी दुसरंच बोललो. म्हटलं, निदान छापून ठेवू, माझ्या टेबलाच्या खणात राहील. त्यांनी मान हलवली. “कागद म्हटला का तो कधी ना कधी निघते,” ते म्हणाले. कागदाची त्यांना माझ्याहून जास्त माहिती होती. तेव्हा ती फाइल मशीनमध्येच राहिली. मी तिला नाव दिलं ‘ताई’. बहीण जगली असती तर मी तिला हीच हाक मारली असती.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी मशीन खरखर करायला लागलं. सकाळी सुरू केलं की आतून तांदूळ पाखडल्यासारखा आवाज यायचा. साहेबांनी नवीन घ्यायचं ठरवलं. दुकानदार जुनं परत घेऊन नवं देणार होता. आणि साहेब म्हणाले, आणायचं तर दसऱ्यालाच, मुहूर्त सोडायचा नाही. नवीन मशीनला साडेतीन मुहूर्तांपैकी एक मिळाला नसेल तर ते चालणार नाही, असं कुठं लिहिलं होतं कोण जाणे.

अष्टमीला दिवसभर बसून मी सगळ्या फाइली फ्लॉप्यांवर उतरवल्या. ऑफिसच्या कामाचे दोन संच, साहेबांचा हुकूमच होता. एक संच कपाटात कुलूपबंद, एक टेबलावर. बाबांच्या फाइलीची प्रत मात्र मी एकच काढली. फ्लॉप्या ऑफिसच्या होत्या, डब्यात मोजून ठेवलेल्या, आणि घरच्या कामाला एक घेतली तेवढ्यानंच मला चोरट्यासारखं झालं होतं. दुसरी मागायचा धीर झाला नाही. वर असंही वाटलं की मशीनमध्ये तर आहेच, दसऱ्याला मशीन जायच्या आधी लागलं तर अजून एक काढता येईल. लेबलवर पेनानं ‘ताई’ लिहिलं आणि ती टेबलावरच्या संचात ठेवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. साहेबांच्या ऑफिसात हत्यारं म्हणजे पट्ट्या, कंपास, टेप, लेव्हल मशीन, माझा निवृत्त झालेला टाइपरायटर आणि कॉम्प्युटर. पूजा करायला साहेबांच्या आई आल्या होत्या, पंचाहत्तरीच्या, कडक सोवळ्याच्या. त्यांनी फ्लॉप्यांची पाकिटं पाहिली आणि विचारलं, “ह्या पुड्या कसल्या?”

“सगळं काम ह्यांच्यातच आहे, आजी,” मी म्हटलं. “मशीन जाईल, हे राहील.”

“मग ह्यांनाही ठेव पाटावर.”

मी ठेवल्या. आणि ठेवताना प्रत्येक फ्लॉपी कागदी पाकिटातून बाहेर काढली. ड्राफ्ट्समननं विचारलं, “काढून काहून राहिला?” तर मी म्हटलं, तलवार कोणी म्यानात ठेवून पुजत नाही. लोक हसले. आजींनी मान डोलावली. मला माझं बोलणं फार आवडलं.

आता ज्यांनी ती जुनी फ्लॉपी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तळहाताहून थोडा मोठा काळा, पातळ चौकोन. वरच्या बाजूला लेबल. खालच्या बाजूला एक लांबट खिडकी, तिच्यातून आतली तपकिरी चकती उघडी दिसते. मशीन तिथूनच वाचतं. त्या खिडकीला बोट लावायचं नाही हा पहिला धडा. मी स्वतः तो ऑफिसात तीन जणांना शिकवला होता.

आजींनी ओल्या हळदीत अनामिका बुडवली, मग कुंकवात. पहिल्या फ्लॉपीवर लेबलपाशी त्यांचं बोट थांबलं. अक्षरांवर कुंकू लावायचं नाही, विद्या असते ती. मग त्यांनी मोकळी जागा शोधली. मोकळी जागा म्हणजे ती खिडकी, जणू टिळ्यासाठीच ठेवलेली. त्यांनी खिडकीत नेटकं बोट टेकवलं, वर दोन अक्षता, वर पाणी निथळतं झेंडूचं फूल. मग दुसरी फ्लॉपी. मग तिसरी. ‘ताई’ शेवटची होती.

मी हे सगळं पाहत होतो. आठ फ्लॉप्यांना लागेल एवढा वेळ माझ्याकडे होता. पण पंचाहत्तरीच्या बाईंना, पूजा चालू असताना, बोट लावू नका असं म्हणायचं कसं? साहेब शेजारी हात जोडून उभे होते. मीही जोडले. मनात म्हटलं, नंतर रुमालानं पुसून घेऊ, नाहीतर मशीनमधून नवी प्रत काढू.

आरती झाल्यावर, पेढे वाटून झाल्यावर, मी मशीनच्या खोलीकडे वळलो तर साहेबांनी अडवलं. “आज नाही. पुजलेलं हत्यार उचलायचं नाही. उद्या सकाळी ये, दहाचा मुहूर्त आहे, त्याच्या आधी काय करायचं ते कर.” मी काही देवभोळा नाही. पण नोकरीला होतो. घरी गेलो.

दसऱ्याला नागपुरात दीक्षाभूमीवर माणसं येतात. गावोगावची, ट्रकांनी, रेल्वेनं, पायी, कडेवर पोरं आणि डोक्यावर बोचकी घेऊन. रस्ते आदल्या संध्याकाळपासून बंद होतात. हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे, आणि तरी त्या सकाळी मी रोजच्याच वेळेला स्कूटर काढली. पोलिसांनी एका चौकातून दुसऱ्या चौकाकडे पाठवलं, तिथून तिसऱ्याकडे. शेवटी एका ओळखीच्या पानठेल्यामागे स्कूटर लावली आणि गर्दीच्या उलट्या दिशेनं चालत सुटलो. धंतोलीत पोचलो तर साडेदहा वाजून गेले होते. जुन्या मशीनच्या जागी नवीन बसलं होतं, झेंडूचा हार घालून. दुकानाची माणसं गर्दी टाळायला आठलाच आली होती आणि जुनं घेऊन गेली होती.

मी कोणाशी न बोलता फ्लॉपी घेतली. खिडकीतला टिळा वाळून त्याचे पोपडे झाले होते. रुमालानं पुसलं. कुंकू निघालं, हळदीचा पिवळा पट्टा राहिला. नवीन मशीनमध्ये घातली. लाल दिवा लागला, आतून कर्रकर्र आवाज आला आणि पडद्यावर तो प्रश्न आला, वाचता येत नाही, सोडून देऊ का, पुन्हा करून पाहू? पुन्हा, मी म्हटलं. पुन्हा कर्रकर्र. मी किती वेळा पुन्हा म्हटलं ते मोजलं नाही. साहेब आत आले आणि म्हणाले, “अरे, नव्या मशीनची वाट लावशील,” तेव्हा थांबलो. ऑफिसचं काही बुडालं नाही, त्यांचा दुसरा संच कपाटात होता.

सीताबर्डीच्या दुकानात गेलो. दुकानदार गादीवर बसून लोकांना सोनं देत होता, म्हणजे आपट्याची पानं. मला पण दिलं. जुनं मशीन कुठं आहे विचारलं तर म्हणाला, “भैया, वो तो गया. लकडगंज की पार्टी थी, उनको भी आज का ही मुहूरत चाहिए था. सुबह साफ करके दे दिया.”

“साफ म्हणजे?”

“फॉरमॅट करके. पुराना कचरा कौन देता है.”

तरी मी लकडगंजला गेलो. माणूस अशा वेळी जातोच. आरामशीनच्या मागे लाकडाचा भुसा उडणाऱ्या एका खोलीत ते मशीन ठेवलं होतं. पडद्याच्या काचेवर नवं कुंकू, कीबोर्डवर नवं फूल. चोवीस तासांत त्याची दुसऱ्यांदा पूजा झाली होती. मालक भला माणूस होता. दसरा म्हणून त्यानं मला मिठी मारली, खुर्ची दिली, पेढा दिला. एकदा पाहू द्या म्हटलं, तर पाहू दिलं. मी फाइलींची यादी मागितली. तीन ओळी आल्या, तिन्ही मशीनच्या स्वतःच्या. बाकी कोरं.

“काय होतं गा त्याच्यात?” मालकानं विचारलं.

“घरचं होतं,” मी म्हटलं आणि पेढा खाल्ला. पेढा चांगला होता.

पुढे काही वर्षांनी एका जाणत्या माणसाकडून कळलं की तसं साफ केलेलं लगेच काढलं असतं तर बरंचसं परत मिळालं असतं. नुसती यादी पुसली जाते, मजकूर तिथंच पडून असतो. म्हणजे मी त्या खुर्चीत बसून पेढा खात होतो तेव्हा बाबांचे शब्द माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मला ते माहीत नव्हतं. आता माहीत असून करायचं काय?

घरी बाबा ओट्यावर वाट पाहत बसले होते. मी पाया पडून सोनं दिलं. आई आत श्रीखंडाला वेलची कुटत होती, तोवरच मी सांगून टाकलं. टिळा, मुहूर्त, लकडगंज, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

“खाणीतलं?”

“त्याचे कागद आहेत. ताईचं तेवढंच गेलं.”

“हं.” मग हातातलं सोनं ओट्यावर ठेवून म्हणाले, “कागद नको मीच म्हटलं होतं.”

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. त्यांनी दोष स्वतःकडे घेतला आणि मला काही करायला ठेवलं नाही. मला त्यांचा पुन्हा राग आला, आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली.

पुढच्या रविवारी ते स्वतःच चपला घालून तयार झाले. नवीन मशीनसमोर ताठ बसले, भिंतीकडे पाहिलं. “घे,” म्हणाले. मी बोटं ठेवली. “त्या दिवशी दुपारी,” ते म्हणाले, आणि थांबले. पाणी मागितलं. पुन्हा म्हणाले, “त्या दिवशी दुपारी.” पडद्यावर तेवढे तीन शब्द होते. तास होऊन गेला असेल. खाली प्लास्टर कापायचं मशीन घरघरत होतं आणि आम्ही दोघं ते ऐकत बसलो होतो.

“नाही गा,” शेवटी ते म्हणाले. “ते एकदाच निघालं. आता नाही निघत.”

“राहू द्या, बाबा.”

“तूच सांगजो तिले. तू तर घेतलंच होतं.”

मी हो म्हटलं. हो म्हटलं आणि तेव्हाच मला समजलं की माझ्याकडे काही नाही. काय घडलं ते ठाऊक होतं, ते कोणीही चार वाक्यांत सांगेल. पण त्यांनी ते कसं सांगितलं होतं? कडुलिंबाखाली उभं राहण्याबद्दल ते तीन-चार वाक्यं बोलले होते आणि त्यात त्यांनी स्वतःला एक शिवी घातली होती. कोणती? वळून घरी येताना काय मनात आलं तेही सांगितलं होतं. ते सगळं कानातून बोटांत गेलं होतं, आणि बोटं काही जपून ठेवत नाहीत. मी दोन-तीनदा लिहायला बसलो. जे उतरलं ते साहेबांच्या पत्रासारखं होतं. हे बाबांना मी सांगितलं नाही. ते निर्धास्त होते, त्यांना तसंच राहू दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. आमच्या ऑफिससमोरच्याच एका दवाखान्यात, चार दिवसांच्या आजारपणानंतर. तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी अजून आठवडाभर टाळलं. मग एका दुपारी आई सुपात तूर निवडत बसली होती, तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, आई, ताईच्या वेळेची एक गोष्ट बाबांनी तुला सांगायला ठेवली आहे. आणि सांगितलं. लग्नातली पंगत, फाटकासमोरचा ट्रक, कडुलिंब.

तिचे हात थांबले नाहीत. खडे एकीकडे, तूर एकीकडे.

“कोण म्हणते?” तिनं विचारलं.

“बाबा. मशीनवर सांगितलं होतं त्यांनी.”

“मंग वाच.”

“ते राहिलं नाही, आई. पुसलं गेलं.”

“खेचराचं राहिलं, मुकादमाचं राहिलं,” ती म्हणाली, “अन् येवढंच पुसलं गेलं?”

मी हो म्हटलं. ते खरं होतं आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटलं. फ्लॉपीचं, टिळ्याचं सांगायला लागलो, तर तिनं हातानं थांबवलं.

“कसं म्हटलं त्यायनं? त्यायच्या तोंडचं सांग.”

मी सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, ते म्हणाले की ट्रक दिसत होता, पण त्या माणसापुढे जायचा त्यांना संकोच वाटला.

आईनं मान वर केली. “संकोच म्हटलं त्यायनं?”

बाबांनी जन्मात तो शब्द वापरला नव्हता. तिनं सूप उचललं, उरलेली तूर डब्यात ओतली, झाकण लावलं.

“बाप जाऊन महिना नाही झाला,” ती म्हणाली, “अन् तू त्यायच्यावर असं बोलून राहिला.” आणि ती उठून आत गेली.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण तो विषय तिनं पुन्हा माझ्यापाशी काढला नाही. त्यानंतर ती बारा वर्षं जगली. कोणी नातेवाईक बायका आल्या आणि ताईचं निघालं, की आता ती एका वाक्यावर थांबत नसे. हे गाडीसाठी उन्हात गावभर फिरले, म्हणायची, ठेकेदाराच्या दारात गेले, त्याच्या पाया पडले, पायाला फोड आले, पण गाडी नव्हती. पाया पडणं आणि फोड आधीच्या सांगण्यात कधी नव्हते. हे सांगताना ती माझ्याकडे पाहत राहायची, आणि मी हो म्हणायचो.